सोपानचे दोन मैल

सोपान, परवा शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मी तिथंही भांडलो. तू असतास तर म्हणाला असतास, "वसंत्या, मेलेल्या मानसाला तरी सोड की लेका." पण या वेळी मी तुझ्याच बाजूनं बोलत होतो आणि सभेतल्या कुणालाच ते पटत नव्हतं.

झालं असं, की हेडमास्तर बोलायला उठले. तू किती वर्षं शाळेत शिपाई होतास, पोरं तुला मामा म्हणायची, पळायला शिकवायचास, हे सगळं त्यांनी चांगलं सांगितलं. माझेही डोळे भरून आले होते. मग त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडं हात केला आणि म्हणाले, "दोन मैल, दहा मिनिटं अठरा सेकंद. बारा वर्षं झाली, कुणाच्यानं हे मोडलं नाही. आता सोपानचं हे रेकॉर्ड अजरामर राहणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. माझं डोकं तिथंच फिरलं. मी उठून सांगितलं की बोर्डावरची वेळ चुकीची आहे, आणि ती पुसा म्हणून सोपान स्वतःच मागं लागला होता.

मग काय, एकच गलका. "मास्तर, ही काय वेळ आहे का?" असं हेडमास्तर म्हणाले. तुझ्या भावकीतला एकजण तर बाह्या सरसावून पुढं आला. तेवढ्यात दाराशी बायकांत बसलेल्या गिरजावहिनी बोलल्या. तेरा दिवसांत त्यांचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बोलू द्या त्येंला. आमच्या घरात दिवाळीपासनं ह्येच चालू हुतं." मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी तुलाही सांगतो. तुझ्याशिवाय हे ऐकून घेणारं मला कोण आहे?

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. शाळाशाळांच्या शर्यती नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि त्या वर्षी त्या ढोकीला होत्या. धाराशिवहून आम्ही चौघं आलो, येडशीपर्यंत मोटारीनं आणि तिथून छोट्या रेल्वेगाडीनं. दोन मैलांत मी पळणार होतो, पण आदल्या आठवड्यात हिवतापानं धरलं. आमच्या ड्रिल मास्तरांनी माझ्या हातात पाण्याची कळशी दिली आणि अर्ध्या वाटेवर लिंबाखाली उभं केलं. पळायला आलेला गडी पाणक्या झाला. मी रडकुंडीला आलो होतो.

ढोकीला तेव्हा मैदान कुठलं? गावाबाहेरच्या माळावरच्या दगडापासून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ रस्ता, बरोबर दोन मैल. पोरं माळावरून सुटणार आणि घड्याळ फाटकात. तुमचे तेव्हाचे हेडमास्तर सेकंदाचं घड्याळ धरून फाटकात उभे. आता पोरं सुटली हे त्यांना कळणार कसं, यावर म्हणे आठवडाभर खल झाला. शेवटी तुझ्या चुलत्यानं तोड काढली. गावच्या यात्रेत देवापुढं उडवतात ती उखळी माळावर न्यायची, दारू ठासून बार काढायचा. बार झाला की पोरांनी सुटायचं आणि बार कानावर पडला की हेडमास्तरांनी घड्याळ दाबायचं. पोलिस ॲक्शननंतर दारूला परवाना लागायचा, तोही तुझ्या चुलत्यानं आणला. पाहुण्या शाळांचे मास्तरसुद्धा म्हणाले, काय डोकं लढवलंय. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत एकाच्याही मनात शंका आली नाही.

मी लिंबाखालून पाहिलं. माळावर पांढऱ्या धुराचा लोळ उठला. काळे ठिपके हलले. आणि मग, पोरं बरीच पळाल्यावर, बार ऐकू आला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताप नुकता उतरलेला, कळशीनं दंड भरून आलेला. थोड्या वेळानं तू आलास. अनवाणी, भावाची खाकी चड्डी सुतळीनं बांधलेली, आणि तुझ्या मागं निम्म्या फर्लांगात कुणी नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणालास, "सर बाजूला." आयुष्यात तू माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

पुढच्या वर्षी शर्यती धाराशिवला, पोलिसांच्या मैदानावर. चुन्याच्या रेघा, आठ फेऱ्या, घड्याळवाल्यानंच शिट्टी वाजवायची आणि त्यानंच घड्याळ दाबायचं. मी दहा मिनिटं बावीस सेकंदांत आलो. मला तुझ्याबरोबर पळायचं होतं, पण उन्हाळ्यात तुझे वडील गेले होते, मेंढरं तुझ्या गळ्यात पडली होती, शाळा सुटली होती. तरी तू आला होतास. बाजारात मेंढ्या विकायला म्हणून आलास आणि घोंगडं खांद्यावर टाकून दोरीशी उभा राहिलास. शर्यत संपल्यावर मी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होतो. तू जवळ येऊन म्हणालास, "चार शेकंद कमी पडलं की रं." मी तुला मारायलाच उठलो होतो. त्यानंतर आपण दोघांनी देवळाजवळच्या हॉटेलात भजी खाल्ली आणि तिथंच पुन्हा भांडलो.

मग बारा वर्षं तेच. मी म्हणायचो, तुझा रस्ता उताराचा. तू म्हणायचास, तुझं मैदान अंगणावानी सारवल्यालं, तिथं म्हातारीबी पळंल. मी म्हणायचो, तुमच्या हेडमास्तरला सेकंद मोजता येत नाहीत. तू म्हणायचास, "न्हाय येत, पर तुज्यापरीस चारच कमी मोजलं ह्ये कसं?" माझ्या लग्नात तुळजापूरला मांडवात तू माझ्या सासऱ्यांना काय सांगितलंस, आठवतं? "जावई चांगला हाय मामा. चार शेकंद मागं असतोय, तेवढंच." सासरे आमचे पुजारी घराण्यातले, गंभीर माणूस. त्यांना काही उमजेना. मुलगा कामाला उशिरा जातो की काय, अशी त्यांनी नंतर चौकशी केली.

मी बीएस्सी करून धाराशिवला शिक्षक झालो. तू मेंढरं भावाला देऊन ढोकीला तुझ्याच शाळेत शिपाई लागलास. रोज तुझ्याच नावाखाली उभा राहून तू घंटा द्यायचास. ड्रिल मास्तर खुर्चीतून उठत नसत, म्हणून पहाटे पोरांना तूच पळवायचास. बाकी ठिकाणी मीटर आले, पण ढोकीत दोन मैल ते दोन मैलच. फक्त रोज उखळी कोण उडवणार? म्हणून फाटकातून सुटायचं, मैलावरच्या लिंबाला वळसा घालायचा आणि फाटकात परत यायचं. घड्याळ तुझ्या हातात. त्यात एक सेकंद इकडचा तिकडं होत नसे, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि एकही पोरगं दहा अठराला पोचायचं नाही. दर वर्षी कुणीतरी तयार व्हायचं, ऊर फुटेस्तोवर पळायचं आणि मान खाली घालून घरी जायचं. दोन वर्षांमागं रज्जाकचं तेच झालं. पिंजाऱ्याचा पोरगा, काडीसारखा, पण छाती भात्याची. तू मला पत्ता लागू न देता त्याला सहा महिने घडवलंस. अकरावीच्या शेवटच्या महिन्यात तो पळाला, दहा चोवीस. फाटकात बसून तो ढसाढसा रडला, असं तूच मला सांगितलंस. तू त्याची समजूत घातलीस की वळशाला पाच-सहा सेकंद जातात, ते सोडून दे. पण त्याला बोर्डावर नाव पाहिजे होतं. पोलिसात जाणार होता, त्याचाही त्यानं नाद सोडला आणि येरमाळ्याला पिठाच्या गिरणीवर जाऊन बसला. "म्या पोरगं घालीवलं," असं तू मला चारदा तरी म्हणालास.

गेल्या दिवाळीआधी मी नववीला ध्वनीचा वेग शिकवत होतो. आवाजाला अंतर तोडायला वेळ लागतो, वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. दर वर्षी शिकवतो हे. त्या दिवशी बोलता बोलता मला लिंबाखालचं सगळं दिसलं. धूर, हललेले ठिपके, आणि मग बार. खडू हातातच राहिला. दोन मैल म्हणजे आवाजाला नऊ सेकंदांच्या वर. म्हणजे पोरं नऊ सेकंद पळून चुकल्यावर हेडमास्तरांनी घड्याळ दाबलं होतं. तू दहा अठराला आला नव्हतास. दहा सत्तावीसला आला होतास, आणि मी तुझ्या पाच सेकंद पुढं होतो.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बारा वर्षांनी तू माझ्या तावडीत सापडला होतास. शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या मी ढोकीची एसटी धरली. वहिनी भाकरी थापत होत्या, तू चुलीपुढं बसला होतास आणि मी वकिलासारखा उभा राहून सगळं मांडलं. मला वाटलं, तू आता उसळणार. तू नुसतं विचारलंस, "आवाजाला यवडा येळ लागतो?" मी म्हणालो, लागतो. "मंग मोजू."

दिवाळीच्या सुट्टीत मोजलं. तुझा चुलता थकलेला, तरी उखळी घेऊन माळावरच्या दगडापाशी जाऊन बसला. आपण दोघं शाळेच्या गच्चीवर. घड्याळ मी तुलाच धरायला लावलं, म्हणजे पुढं बोलायला जागा नको. माळावर धूर दिसला, तू घड्याळ दाबलंस आणि आपण वाट बघत राहिलो. इतका वेळ लागला की मला वाटलं, बार फुसका गेला. मग तो आला. सव्वानऊ सेकंद. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तू खाली उतरलास आणि पायरीवर बसलास. मी माझ्या पाच सेकंदांवर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. तू म्हणालास, "मंजी रज्जाक माज्या म्होरं हुता."

मला रज्जाक सुचलाच नव्हता, बघ.

तिथून आपलं भांडण उलटं फिरलं. आता तू म्हणायचास बोर्ड पुसा आणि मी म्हणायचो राहू दे. मी म्हटलं, त्या दिवशी तू पहिला आलास यात काय खोटं आहे? तू म्हणालास, "पयला आलो ते ऱ्हाऊ दे. आकडा काढा. पोरं त्या आकड्यामागं पळत्यात आन रडत घरी जात्यात. त्यो आकडा कुनीच पळल्यालं न्हाय, वसंत्या. म्याबी न्हाय." मी म्हटलं, लोक म्हणतील मास्तरानं हिशेब मांडून मित्राचं नाव खाली ओढलं. तू म्हणालास, "मंग तुजं नगं लिवायला. रज्जाकचं लिवू." मी चिडलो. बारा वर्षांनी मी जिंकलो होतो, आणि तू मला शर्यतीतूनच काढून टाकलंस. नंतर एसटीत मला एकट्याला हसू आलं.

तू दर सोमवारी घंटा देऊन हेडमास्तरांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहायचास. त्यांचं उत्तर ठरलेलं. शाळेची अब्रू आहे, वरून लेखी आल्याशिवाय बोर्डाला हात लावता येत नाही. किल्ल्या तुझ्याकडं, रंगाचा डबा तुझ्या खोलीत. एखाद्या रविवारी दोन आकडे पुसले असतेस तर कुणाला कळलं असतं? मी तसं सुचवलंही. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी विषय बदलला. रज्जाकला तरी सांगून टाक म्हटलं, तर म्हणालास, "बोर्डावर चढल्याबिगर न्हाय. न्हायतर म्हनंल, मामा समजूत काढतोय." संक्रांतीला तीळगूळ देऊन आपलं याच्यावरूनच वाजलं आणि मी जेवण न करता निघालो. तू एसटीपर्यंत आलास, पण बोलला नाहीस.

मग शाळेच्या कुंपणाचा गंजका खिळा तुझ्या पायात शिरला. तू त्याला हळद लावलीस आणि कामाला लागलास. कुणी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतंस. धनुर्वात झाल्यावर तुला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हा मला निरोप आला. खोलीत अंधार केला होता. डॉक्टर म्हणाले, आवाज करू नका, आवाजानं झटके येतात. तुझा जबडा आवळलेला. तू बोलू शकत नव्हतास आणि मला बोलायची परवानगी नव्हती. आपण दोघं बारा वर्षांत इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. तुझे डोळे तेवढे उघडे होते आणि ते माझ्यावर होते. मला विचारायचं होतं, बोर्डाचं काय करू? माफ कर असं म्हणायचं होतं, की जेवण सोडून गेलो. मी तुझ्या तळव्यावर हात ठेवून बसलो. सगळी कातडी भाजल्या मातीसारखी, पळून पळून झालेली. दोन दिवसांनी तू गेलास.

तुझ्यासारखा भांडखोर मला पुन्हा मिळणार नाही. माझ्याकडं डिग्री आहे, चार लोक मान देतात, वर्गात कुणी उलटून बोलत नाही. माझं म्हणणं खोडून काढणारा तू एकटा होतास. त्यानंच मी जरा बरा मास्तर झालो असेन. हे तुला एकदा तरी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तू चेष्टाच केली असतीस, तरीसुद्धा.

सभेत हे सगळं बोललो, दवाखान्यातलं सोडून. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, तुमच्या भावना समजतात, पण वरून लेखी येऊ द्या. भावकीतला तो माणूस शेवटपर्यंत माझ्याकडं बघायला तयार नव्हता. फाटकात वहिनींनी मला थांबवलं. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, त्या पिंजाऱ्याच्या पोराला कोन सांगनार?" मी म्हटलं, उद्या जातो.

काल येरमाळ्याला गेलो. देवीची यात्रा तोंडावर, गिरणीपुढं डब्यांची रांग. रज्जाक डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. तुझ्या तिरडीला खांदा द्यायला तो आला होता, तेव्हा आम्ही नुसतं एकमेकांकडं बघितलं होतं. पट्ट्याच्या आवाजात माझं त्याला ऐकू येईना. दोनदा ओरडून सांगितलं तसं त्यानं इंजिन बंद केलं. बायका कुरकुरायला लागल्या. मी त्याला उखळी, धूर, बार, गच्चीवरचं घड्याळ, सगळं सांगितलं. म्हटलं, सोपान दहा सत्तावीस, तू दहा चोवीस. तू तुझ्या मामाच्या तीन सेकंद पुढं होतास.

तो पोत्यावर बसला. "मामांना कवापासनं ठावं हुतं?"

"दिवाळीपासून. तुझं नाव बोर्डावर चढल्यावरच सांगणार होता. म्हणाला, नाहीतर तू म्हणशील, मामा समजूत काढतोय."

"व्हय," तो म्हणाला. "तसंच म्हनलो असतो." मग तोंडावर हात घेऊन तो रडला, आणि मीही पिठाच्या डब्यांपुढं, बायकांसमोर रडलो. कुणी कुरकुरलं नाही मग.

पुष्कळ वेळानं त्यानं विचारलं, "मंग आता समद्यात कमी टाइम कुनाचा?"

मी म्हटलं, "माझा. दहा बावीस."

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्मा, छत्री, सुटलेलं पोट. "तुमचा?" म्हणाला. तुझ्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटलं मला. मग तो उठला, अंगावरचं पीठ झटकलं आणि पट्टा पुन्हा चढवत म्हणाला, "यात्रा झाल्यावरच्या ऐतवारी ढोकीला येतो. घड्याळ घेऊन या. दोन वरसं पळलो न्हाय, पर बघू."

मी हो म्हणून आलोय. बारा वर्षं चार सेकंदांसाठी तुझं डोकं खाल्लं, आणि आता त्या रविवारी मी फाटकात घड्याळ धरून उभा राहणार आणि या पोरानं माझी वेळ मोडावी म्हणून घसा फोडून ओरडणार. तेवढं बघायला तरी तू पाहिजे होतास रे, सोपान.